पलतडच्या शेवंतीची साक्ष

बाबांनी आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मिरच्या कांडून आणणं. चैत्र सरत आला की आई वर्षाचा मसाला करायची. आमच्याकडे गिरणीतल्या माणसांची खाणावळ होती, त्यामुळे चार डबे भरून भागायचं नाही. दोन दिवस गॅलरीत मिरच्या पसरलेल्या असायच्या, येणाराजाणारा शिंकायचा, वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून वाकून ओरडायच्या, "आमची पोरां मारूक बसलंस काय गो?" आणि आई तव्यावर धणे परतता परतता तिथूनच म्हणायची, "मरूची नाय ती. सर्दी जायत उलट." मग रविवारी बाबा आणि मी डोक्यावर एकेक पोतं घेऊन लालबागेतल्या डंकावर जायचो. डंक म्हणजे लोखंडी मुसळांचं यंत्र, त्याच्या दणक्यानं टेकलेली भिंतसुद्धा पाठीत ठोके द्यायची. नंबर लागेपर्यंत तिथे बसून राहायचं. बाबांना गप्प बसणं ठाऊक नव्हतं. प्रश्न कुणालाही असो, उत्तर बाबा द्यायचे. त्या दिवशी एका बाईनं डंकवाल्याला विचारलं, "बेडगी किती घालू?" तर ह्यांनी नाकाला बांधलेला पंचा खाली ओढला आणि म्हणाले, "बेडगी रंगाक, संकेश्वरी जाळाक. अर्धी अर्धी घाल." डंकवाला म्हणाला, "मामा, तुम्हीच बसा गल्ल्यावर." बाबा खूश. परतताना मसाला गरम, टाळू भाजत होती, आणि बाबा पुढे चालत मागे वळून वळून माझ्याशी बोलत होते. साच्याखात्यात, म्हणजे मागांवर, कोण कसा आहे, माणसं कामाला लावणारा जॉबर किती लबाड आहे, मला गिरणीत बदली कामगार म्हणून लावलं की मी कुणापासून लांब राहायचं. पोतं तिरकं झालं तरी बोलणं थांबलं नाही.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले. पण चालता चालता मागे वळून बोलणारे बाबा मला पुन्हा दिसले नाहीत.

ही, म्हणजे माझी बायको, असताना दर वर्षी मसाल्याच्या दिवसांत मी हे सगळं काढायचो. ही म्हणायची, "झालं तुमचं? मग ती परात उचला." गेल्या पावसाळ्यात ही गेली. यंदा घरात मसाला झाला नाही. सून पाकीट आणते, चांगलं असतं, मी नावं ठेवत नाही. पण सांगायचं कुणाला, म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

आमची खोली चाळीच्या टोकाला, संडासाच्या बाजूची, म्हणून भाडं कमी आणि गॅलरी थोडी लांब. त्या लांबीवर आमची खाणावळ चालायची. आईच्या माहेरगावचे आणि आसपासचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले गडी आमच्याकडे जेवायचे. गिरणीचा भोंगा झाला की पाळी सुटायची, आणि जिना धडधडायला लागला की आई पहिली वाटी ओतायची, इतका तिचा अंदाज पक्का. सकाळची पंगत रात्रपाळीवाल्यांची, ते डोळे मिटून जेवायचे. दुपारची पंगत भांडखोर. संध्याकाळची पंगत सगळ्यात मोठी, तेव्हा पितळ्या कमी पडायच्या आणि एकाची विसळून दुसऱ्याला द्यावी लागायची. तारली माशांचं तिरफळ घातलेलं तिखलं, भात, बुधवारी-रविवारी बांगडा, सोमवारी कुळथाची पिठी, सोमवारी सगळ्यांची तोंडं वाकडी. पाण्याचा तांब्या माझ्याकडे. दाजी म्हणून एक वयस्कर गडी होता, बाबांच्याच खात्यातला, तो रोज एकच विनोद करायचा, "वैनी, आज कढीत समुद्र आसा, मासो खंय आसा?" आणि आई रोज एकच उत्तर द्यायची, "तुझ्या पितळेत पोहूक लाजता तो." घरचे आम्ही तिघं सगळ्यांच्या शेवटी जेवायचो, उरेल ते. मला ते कधी कमी वाटलं नाही.

ह्या घरात मी जन्मलो नाही. हे कुणी लपवलंही नव्हतं, चाळीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. आईचं माहेर तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात. तिची लहानपणची मैत्रीण शेवंती लग्न होऊन खाडीपलीकडे पेडण्याला गेली, आमच्याकडे त्या काठाला पलतड म्हणतात. पलतड म्हणजे गोवा, तिथे पोर्तुगीजांचं राज्य. पण तेव्हा आमच्या लोकांना ते दुसरं राज्य वाटायचंच नाही. होडीत बसलं की पलीकडे. बाजार तिकडे, सोयरिकी तिकडे, देवाची जत्रा एक. शेवंतीचा नवरा मेला, पदरात चार मुलगे. आईला मूल नव्हतं. सगळ्यात धाकटा मी, तीनेक वर्षांचा असेन. तरीवर, म्हणजे जिथून होडी सुटते तिथे, शेवंतीनं आईची ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि त्यावर मला बसवलं. भट नाही, पंच नाही. बाबा इकडे मुंबईत पाळीवर होते. होडीवाल्यानं तेवढं पाहिलं, आणि तोही पुढे वारला.

पुढे दर मे महिन्यात आई मला गावी न्यायची. अलीकडच्या बाजाराला शेवंती यायची. तिला मी मावशी म्हणायचो. ती केळीच्या पानात बांधलेले खोबऱ्याचे लाडू आणायची, पण माझ्या हातात द्यायची नाही, आईच्या हातात द्यायची. मी समोर उभा असताना आईला विचारायची, "जेवता मा बरो?" मला वाटायचं, गर्विष्ठ बाई आहे.

मग काळ असा आला की एकीकडे मुंबई आमची म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि त्याच सुमाराला गोव्याची हद्द बंद झाली. खाडीवर पहारे बसले. बाबांनी जॉबरकडे माझ्या बदलीचा विषय काढला तर तो म्हणाला, "पोराचो जल्म खंयचो? पेडण्याचो? मग आधी कागद आण. गोव्याची माणसां आता परदेशी." बाबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई हसली. "परदेशी? ह्यो? ह्येका अजून भात कालवक येणा नाय." पण गोदीतल्या दोन गोवेकरांचं काम बंद केल्याचं दाजीनं सांगितलं आणि तिचं हसू गेलं.

गिरगावात त्रिलोकेकर म्हणून एक गृहस्थ होते. जुन्या मुंबईकर घरातले, सरकारी कारकुनी करून निवृत्त झालेले, लोकांचे अर्ज लिहायचे. काळी टोपी, तोंडात सुपारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलगा अजून अठराचा नाही, हे नशीब समजा. तुम्ही दोघं इथले नागरिक, मुलगा दत्तक, तेव्हा तुमच्या नावावर त्याची नोंद होऊ शकते. फक्त एक करा. कोणी गाव विचारलं तर पेडणे, गोवा, हेच सांगायचं. लाजायचं नाही, लपवायचं नाही. एकदा सांगितलं तेच शेवटपर्यंत. काय सांगाल?" बाबा म्हणाले, "पेडणे, गोवा." त्रिलोकेकर म्हणाले, "तुम्हाला नाही विचारलं, मुलाला विचारलं."

आईनं घरात कायदा काढला. कागद येईपर्यंत मोर्चा नाही, दोघांनाही नाही. मला फार वाटलं नाही, बाबांना वाटलं. गिरणीतला एकही माणूस घरात बसत नव्हता, आणि हे गॅलरीत कठडा धरून उभे राहायचे. खालून घोषणा जायच्या आणि ह्यांचे ओठ हलायचे. खालून कोणीतरी हाक मारायचं, "मामा, मुंबई नको काय तुमका?" बाबा आत येऊन पाटावर बसायचे आणि आईकडे बघायचे. आई म्हणायची, "माका काय बघतास? मुंबई खंय जाणा नाय. झिल जायत." झिल म्हणजे मुलगा, म्हणजे मी.

मसाल्याच्या रविवारनंतर दोनच दिवसांनी आम्हाला कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, कचेरीत बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. तिथला कारकून अर्ज वाचता वाचता थांबला. एका जागी माझं गाव पेडणे लिहिलं होतं आणि दुसऱ्या जागी बाबांनी सवयीनं स्वतःचं देवगडकडचं गाव सांगून ठेवलं होतं. कारकून तापला. "इथे एक, तिथे एक? उद्या तिसरंच सांगाल. पुन्हा कुठेही फरक सापडला, तर अर्ज तर जाईलच, वर खोटं सांगितल्याची केस होईल." बाबांच्या सदऱ्याची पाठ भिजली. जिना उतरताना ते तोंडातल्या तोंडात पेडणे गोवा, पेडणे गोवा करत होते. मी म्हटलं, "पुरे आता." तर म्हणाले, "माझी जीभ मेली फटकळ. तिका सवय लावून घेतंय."

येताना भायखळ्याच्या पुढे ट्राम थांबली. पुढे मोर्चा होता, त्याच्यापुढे पोलीस. आम्ही उतरून चालायला लागलो. बाबांनी माझं मनगट धरलं होतं. फुटपाथच्या कडेकडेनं गेलो असतो तर निघून गेलो असतो. पण मोर्चात बाबांच्या खात्यातली माणसं होती, दाजी होता, आणि दाजीनं हाक मारली. बाबा थांबले. इतके दिवस गॅलरीत हललेले ओठ, ते उघडले. एकदाच ओरडले, पण काय आवाज! मी पण ओरडलो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मग लाठ्या निघाल्या, पळापळ झाली, आणि आम्हा पंधरावीस जणांना लॉरीत भरून चौकीवर नेलं.

चौकीवरचा हवालदार साताऱ्याकडचा होता, मनानं आमच्यातलाच. तो म्हणत होता, "नाव सांगा, गाव सांगा, बूड उचला नि घरी जा. पुन्हा दिसू नका, म्हणजे माझ्यासमोर दिसू नका." लोक हसत होते. गिरणगावात गाव विचारलं की लालबाग, परळ कुणी सांगत नाही. जन्म इथल्या चाळीतला असला तरी बापाचं गाव सांगायचं, ही रीत. सगळे आपापलं सांगत होते. संगमेश्वर. जुन्नर. पाटण. दाजीनं वेंगुर्लं सांगितलं आणि सुटला. बाबांनी आपलं सांगितलं. मग हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी बापाचं गाव सांगायला तोंड उघडलं होतं. ते सांगितलं असतं तर पाच मिनिटांत आम्ही रस्त्यावर असतो. बाबा माझ्या आधी बोलले.

"पेडणे. गोवा."

आधी मागचा कोणीतरी हसला, "घ्या, गोयंकारपण आयलो मुंबैसाठी!" मग हसणं थांबलं. हवालदारानं लेखणी खाली ठेवली आणि अगदी हळू म्हणाला, "मामा, तुम्हाला कोणी विचारलं होतं?" पण बाजूच्या टेबलावर साहेब बसला होता. त्यानं मान वळवली. "कुठला म्हणाला हा? गोव्याचा? परदेशी माणूस मोर्चात काय करतो?"

बाबांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, लहान मूल ठेवतं तसा.

दोन रात्री मला तिथे ठेवलं. मारलं नाही, हवालदारानं चहासुद्धा दिला. पण माझं नाव वर गेलं. पुढे हुकूम आला तो असा: आठवड्याला चौकीवर हजेरी लावायची, शहर सोडायचं नाही, अर्ज थांबवलेला आहे. मुलगा खरोखर दत्तक दिला हे देणाऱ्या बाईनं स्वतः येऊन साहेबांपुढे सांगावं. ती आली नाही, तर मुलाला हद्दीपलीकडे पोचवण्यात येईल. त्रिलोकेकरांनी तो हुकूम आम्हाला वाचून दाखवला आणि बराच वेळ सुपारीच कातरत बसले. मग बाबांना म्हणाले, "अहो, मी कचेरीत सांगायला सांगितलं होतं. चौकीत नाही."

तिथून पुढे बाबा बोललेच नाहीत म्हटलं तरी चालेल. पाळीवर जायचे, यायचे, जेवायचे. कुणी वेळ विचारली तरी माझ्याकडे बोट दाखवायचे. आईनं आधी त्यांना शिव्या घातल्या, मग समजूत काढली, मग पुन्हा शिव्या घातल्या. "तोंड उघडलास तेव्हा राख केलास, आता मिटून काय रांगोळी काढतास?" त्यांनी पितळी पुढे सरकवली, एवढंच.

पावसात बोटी बंद. खाडी बंद. आई पंगतीत भात वाढताना मध्येच थांबायची, हातात डाव तसाच. मला रस्त्यावर एकट्याला पाठवायची नाही. मी सोळा वर्षांचा घोडा, आणि ती मला भाजी आणायलासुद्धा दाजीबरोबर पाठवायची. आता कळतं, तिला नुसती पोलिसांची भीती नव्हती. शेवंती आली नाही तर मी जाणार, आणि आली तर तिनं मला पाहिल्यावर तिचं मन फिरलं तर? दोन्हीकडून जाणार मीच. एकदा मध्येच मला म्हणाली, "तिका बघून तू रडा नको हां." मी म्हटलं, "मी कित्याक रडू?" तर पाठीत धपाटा घातला.

दाजी गणपतीला गावी गेला आणि निरोप पोचवून आला. दसऱ्यानंतर बोटी सुरू झाल्या, आणि शेवंतीमावशी आली. परवाना काढून आली की कुणाच्या होडीतून खाडी ओलांडून, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायला ती राहिली नाही. कपाळ मोकळं, हातापायाच्या काड्या, एक गाठोडं. उंबऱ्यात उभी राहून तिनं पंगतीकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "लगीन लावतंस काय गो रोज?" आई हसली, मग दोघी हसल्या, मग दोघींनी डोळे पुसले. मावशी हात धुऊन बसली आणि कुणी न सांगता तारल्यांची डोकी मोडायला लागली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोरून उगाच दोनदा गेलो, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं आणि त्रिलोकेकर कोटात गेलो. साहेब बरा माणूस होता, घाईत नव्हता. त्यानं मावशीला खुर्ची दिली, ती बसली नाही.

"बाई, हा मुलगा तुमचा?"

त्रिलोकेकरांनी वाटेत तिच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं होतं, पण ती फिरत्या पंख्याकडे बघत होती. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"हो की नाही, ते सांगा."

"जल्माक घातलो मियां," मावशी म्हणाली. "पण माझो न्हय."

"म्हणजे?"

"दिलो."

"कुणाला?"

"हिका."

"हिचा नवरा तेव्हा कुठे होता?"

"गिरणीत."

साहेबानं बाबांकडे पाहिलं. "तुम्ही तिथे नव्हता. मग बायकोनं मूल घेतलं ते तुमच्या संमतीनं, की तिच्या मनानं?"

बाबा जमिनीकडे बघत होते. त्रिलोकेकर खाकरले. आईनं कोपर मारलं. साहेबानं पुन्हा विचारलं. मी बाबांच्या बाजूला उभा होतो. ह्या माणसाला मी डंकावर परक्या बायकांना मिरच्या सांगताना पाहिलं होतं. शेवटी त्यांनी तोंड उघडलं, पण साहेबाला नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "मियांच धाडलंलंय तिका. म्हटलंय, रिकाम्या हातान येव नको." त्रिलोकेकरांनी ते शुद्ध करून साहेबाला सांगितलं.

साहेब लिहीत होता. लिहिता लिहिता मावशीला म्हणाला, "परत मागणार नाही?"

"न्हय."

"आणि हा आपणहून तुमच्याकडे आला तर?"

हे तिच्याकडून कुणी म्हणून घेतलं नव्हतं. तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. नीट, पायापासून डोक्यापर्यंत, बाजारात बैल बघतात तसं. मग साहेबाकडे वळून म्हणाली, "आयलो तर दार उघडूचंय नाय."

तिचा अंगठा घेतला. साहेब म्हणाला, होऊन जाईल. बाहेर आल्यावर त्रिलोकेकरांनी आम्हाला कोपऱ्यात घेतलं. "झालं असं समजू नका. कागद हातात पडेपर्यंत पोरगा ह्या बाईच्या आसपास कुणाला दिसता कामा नये. उद्या ती बोटीनं जाईल, धक्क्यावर कोणी जाऊ नका. तिथे पोलीस असतो, पलीकडची माणसं टिपून ठेवतो. हिनं आज दार बंद केलंय, तुम्ही खिडकी उघडू नका." दाजीनं तिला पोचवायचं ठरलं.

कागद पुढे महिन्याभरात आला. नसता आला तर हे लालबागेत बसून लिहीत नसतो. ही मला कधीतरी चिडून म्हणायची, "दोन दोन आया असून तुम्हाला कुणी वळण लावलं नाही." मी म्हणायचो, एकीनं लावलं, दुसरीनं दार लावलं. ही गप्प व्हायची. हिचीही आई लवकर गेली होती. आता गप्प होणारंही कोणी नाही.

साक्ष झाली त्या संध्याकाळी आईनं एक गोष्ट केली जी खाणावळीत कधी झाली नव्हती. गडी बसायच्या आधी पहिलं पान शेवंतीमावशीला वाढलं. दाजी म्हणाला, "वैनी, आमी काय पाप केला?" आई म्हणाली, "तू पोर दी, मगे तुका पयला वाढतंय." सगळे हसले, मावशीसुद्धा. तिनं पाटावर बसून बांगडा खाल्ला, काटे एका ओळीत काढून ठेवले. गडी उठून गेल्यावर आई तिच्याजवळ बसली. मी पितळ्या विसळत होतो, मला ऐकू येत होतं.

"दार उघडूचंय नाय म्हणालंस, तां खराच?"

मावशी म्हणाली, "तुझ्या सायबाक जां व्हया होतां तां सांगलंय. तुका काय सांगूचा तां माका ठाऊक नाय."

आई म्हणाली, "माका कायच सांगा नको." आणि तिला आणखी भात वाढला.

सकाळी दाजी आणि मावशी निघून गेल्यावर मी उठून चपला घातल्या. आई चुलीपुढे होती. म्हणाली, "खंय?" मी म्हटलं, "धक्क्यार." बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, म्हणजे झोपले नव्हते. आई उठली. मला वाटलं कडी घालते. तिनं माझ्या अंगाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तो सदरो काढ. सायबान बघल्यान तो." मी सदरा काढला आणि बाबांचा गिरणीतला मळका बंडी-पंचा चढवला.

भाऊच्या धक्क्यावर कोकणच्या बोटीला ही गर्दी. मावशी गाठोड्यावर बसलेली, दाजी तिकिटाच्या रांगेत. बोटीवर चढायच्या फळीच्या तोंडाशी तिकीट बघणारा, आणि त्याच्या बाजूला पोलीस. मी काही न बोलता तिचं गाठोडं डोक्यावर घेतलं. ती दचकली नाही. उठली आणि माझ्या मागून चालायला लागली. फळीपाशी पोलिसानं मला हात आडवा केला आणि तिला विचारलं, "हा कोण तुमचा?"

"कोण न्हय," ती म्हणाली. "हमाल."

कचेरीत म्हणाली तेव्हा लागलं नव्हतं, ते इथे लागलं. मान खाली घालून मी डेकवर गेलो. इंजिनाचा धूर लागणार नाही अशी जागा बघितली. तिची घोंगडी पसरली. तांब्या घेऊन नळावरून पाणी भरून आणलं, गाठोडं उशाशी ठेवलं. ती मला सांगत होती, "हुंय नको, हडे. अशा नको, तशा," खऱ्या हमालाला सांगावं तशी, मोठ्या आवाजात. पोलीस कठड्याशी येऊन उभा होता. भोंगा झाला. आता उतरायला हवं होतं.

मी वाकलो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिचे पाय गार होते. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. तेव्हा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसली आणि म्हणाली, "काय रे, तुमच्या मुंबैत हमाल पाया पडतत?"

मी म्हटलं, "कोण कोण पडतत." आणि फळीवरून खाली उतरलो.